शिपायाची मुलगी

सुप्रभा मुळात संशयी नव्हती. मिरजेत वाढलेली, शाळेच्या शिपायाची थोरली पोर. उन्हाळ्यात सगळं घर दार सताड उघडं टाकून अंगणात झोपायचं आणि सकाळी भांडीकुंडी जागच्या जागी असायची. संशय घ्यायला तिला नवऱ्यानं शिकवलं, आणि नवरा होता इराणचा.

हे कसं जमलं ते आधी सांगायला हवं, कारण मिरजेत आजही लोक विचारतात. नर्सिंग करून ती कार्डिफच्या हॉस्पिटलात लागली होती. बहराम मनगट मोडून घेऊन आला. प्लास्टर ओलं असतानाच त्यानं विचारलं, तुमच्या भाषेत याला काय म्हणतात, आणि दाराकडे बोट दाखवलं. ती म्हणाली, दरवाजा. तो म्हणाला, आमच्याकडेही दरवाजेच. मग जमीन झाली, हवा झाली, बाजार झाला, दोस्त झाला. प्लास्टर निघेपर्यंत दोघांनी अर्धा संसार गोळा केला होता. उरलेला रजिस्ट्रारपुढे सही करून केला.

बहराम विद्यार्थी म्हणून आला होता. तिकडे क्रांती पेटली तेव्हा इथल्या इराणी पोरांबरोबर तोही तोंडाला कागदी मुखवटा लावून लंडनच्या रस्त्यांवर तिथल्या राजाच्या, शहाच्या विरुद्ध ओरडला होता. शहा गेला. त्याच्या जागी जे आले त्यांनी बहरामच्या वर्गमित्रांना एकेक करून उचललं. बहराम परत गेलाच नाही. आयुष्यभर एकच गोष्ट त्याला खात राहिली, की आपण ओरडलो. इथल्या प्रत्येक इराणी मंडळाशी त्याचं भांडण झालं. हा पूर्वी शहाचा हेर होता, तो आता मुल्लांचा हेर आहे, हे त्याचं रोजचं जेवतानाचं बोलणं. घरात नियम होता: शिराझच्या, म्हणजे त्याच्या गावच्या, माणसांचं नाव बाहेर घ्यायचं नाही. कोणी विचारलं तर इराणात आपलं कोणी नाही.

सुप्रभा हसायची त्याला. म्हणायची, अहो, तो दूधवाला आहे, तो कशाला विचारेल? बहराम म्हणायचा, तोच विचारतो.

पुढे बहराम वारला. कपाटाच्या तळाशी तिला सिंह आणि सूर्याचा, शहाच्या काळातला जुना झेंडा सापडला, चादरीसारखी घडी घातलेला. तिनं तो धुतला, इस्त्री केली, आणि एका शनिवारी क्वीन स्ट्रीटवर राजाला परत आणा म्हणणारे जे पंधरावीस इराणी उभे राहायचे, त्यांच्यात जाऊन उभी राहिली. पुढे हळूहळू घोषणा तीच द्यायला लागली. आवाज खणखणीत, वॉर्डमधल्या सगळ्या बहिऱ्या म्हाताऱ्यांना तिनं त्याच आवाजात औषधं पाजली होती.

तिची मैत्रीण अर्चना महाराष्ट्र मंडळात सगळ्यांसमोर तिची खेचायची. "अगं, मिरज संस्थान विलीन झालं तेव्हा तुझ्या आजोबांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं का? मग तू कुठल्या कोणाच्या राजासाठी घसा फोडतेस?"

"राजा येईल नाहीतर न येईल," सुप्रभा म्हणायची. "बहराम जे ओरडला ते त्याला परत घ्यायचं होतं. त्याला जमलं नाही, मी घेतेय."

यावर अर्चना माघार घ्यायची. निदान त्या दिवसापुरती.

त्या थंडीत इराणातले रस्ते पुन्हा पेटले. दुकानं बंद, गोळीबार, आणि मग एका दिवसात तिकडचं इंटरनेटच गेलं. फोन लागेनात. सुप्रभाचा जीव अडकला होता तो नेगारमध्ये. नेगार ही बहरामच्या बहिणीची मुलगी. आई वारलेली, स्वतः शिराझच्या एका शाळेत चित्रकला शिकवायची. लहानपणी ती व्हिडिओवर सुप्रभाला रीतीप्रमाणे "झन-दाई" म्हणायची, म्हणजे मामाची बायको. सुप्रभाला ते काही पटेना. "दाई काय? मी काय लोकांची बाळंतपणं करते?" असं म्हणून तिनं पोरीला मामी म्हणायला शिकवलं. नेगार आपल्या सुरात "मॉमी" म्हणायची. फोन बंद पडायच्या आधी तिचा शेवटचा आवाजी मेसेज होता: आम्ही रोज बाहेर पडतोय मामी, काळजी करू नका. काळजी करू नका म्हटल्यावर दुसरं कोण काय करणार?

चळवळीतले सगळेच जण हरवलेल्या, पकडलेल्या माणसांचे फोटो घेऊन उभे राहायला लागले. नाव गाजलं की सरकार हात लावायला घाबरतं, असं सगळे म्हणायचे. सुप्रभानंही नेगारचा फोटो मोठा करून घेतला, खाली "नेगार, शिराझ" एवढंच लिहिलं आणि काठीला लावला. मुलीनं, कस्तुरीनं, मँचेस्टरहून तोच फोटो ऑनलाइन टाकला. पण ही आपली कोण हे दोघींनी कुणालाच सांगितलं नाही. बहरामचा नियम. कुणी विचारलं तर नेटवरून घेतलाय, बस.

त्याच सुमाराला कामरान आला. चाळिशीचा, तोही शिराझचाच, कुठल्याशा केबाबच्या दुकानात कामाला. घोळक्यात मिसळायचा नाही, कडेला उभा राहायचा. दोन फोन बाळगायचा. एकावर बोलताना दुसरा खिशात दाबून धरायचा. सुप्रभाच्या मनात पहिल्याच दिवशी त्याची नोंद झाली.

आणि नेमका तो बाजूला उभा असताना मिरजेहून तिच्या भावाचा, संजयचा फोन आला. शाळेची शंभरी होती. जुन्या शिक्षकांबरोबर त्यांच्या वडिलांचाही मरणोत्तर सत्कार करायचं ठरलं होतं, आणि पत्रिकेवर काय छापायचं हे संजयला विचारायचं होतं. गर्दीत ऐकू येईना म्हणून सुप्रभा तिच्या त्या खणखणीत आवाजात बोलत होती.

"सेवक-बिवक काही नको. बाबा शिपाई होते, शिपाईच लिहायचं. तारीख नक्की झाली की खबर दे. हजर कोण कोण असणार त्यांची नावं पाठव. आणि मला जबाब लगेच हवा, उगाच लोंबकळत ठेवू नकोस."

फोन ठेवला तर कामरान तिच्याकडे बघत होता. त्यानं अदबीनं विचारलं, कोणाबद्दल चाललं होतं? सुप्रभाला बाबांचा तेव्हा फार अभिमान दाटून आला होता. फारसी तिला मोडकी यायची. अडलं की मराठी शब्द घ्यायचा, जरा फारसी वळणानं म्हणायचा, आणि दहातल्या नऊ वेळा तो लागू पडायचा. तिनं शिपाईचं सिपाही केलं.

"पेदरम," ती म्हणाली. माझे वडील. "सिपाही बूद." सिपाही होते. वर हेही सांगितलं की जन्मभर इमानानं नोकरी केली, खाकी गणवेश होता, मरेपर्यंत जपून ठेवलेला.

कामरानचा चेहरा एकदम उतरला. तो दोन पावलं मागे सरकला आणि रस्त्यापलीकडे गेला. सुप्रभाला काय वाटलं असेल? तिला वाटलं, हं, म्हणजे हे असं आहे. इथे प्रत्येकाचे वडील कर्नल नाहीतर जज्ज. मी शिपायाची पोर म्हटल्यावर साहेबांना सोवळं आठवलं. तिला इतका राग आला की घरी येईपर्यंत ती पुटपुटत होती.

पुढच्या शनिवारी मात्र तोच आपण होऊन जवळ आला. नेगारच्या फोटोकडे त्यानं बराच वेळ बघितलं. इकडे तिकडे पाहिलं. मग हळूच विचारलं, "ही मुलगी तुमची का?"

सुप्रभा सावध झाली. गेल्या आठवड्यात तोंड फिरवून गेलेला माणूस आज एवढ्या गोडीनं का विचारतो? शिराझचा आहे, दोन फोन आहेत, कुणात मिसळत नाही. बहराम असता तर म्हणाला असता, तोच विचारतो.

"नाही," ती म्हणाली. "मी ओळखत नाही हिला. नेटवरून घेतला फोटो. इराणात माझं कोणी नाही."

"नक्की?"

"एकदा सांगितलं ना."

तो तिच्याकडे असा बघत राहिला की तिला तिथून निघून जावंसं वाटलं. त्या दिवशी तो सगळ्या बायकांजवळ जाऊन काहीतरी विचारत होता. सुप्रभा लांबून बघत होती. बायका माना हलवून नाही म्हणत होत्या. संध्याकाळी तिनं मेहरी खानमना फोन केला.

मेहरी खानम म्हणजे या सगळ्यांच्या म्होरक्या. वय सत्तरीच्या पुढे, कायम मोत्यांच्या कुड्या, वडील खरोखरच शहाच्या फौजेत कर्नल. थर्मास भरून चहा आणायच्या आणि ज्याला स्वतःच्या हातानं कप देतील तो त्यांचा माणूस. त्यांनी सुप्रभाचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. दोन फोन, शिराझ, पोरींच्या फोटोंची चौकशी.

"बरं झालं सांगितलंत," त्या म्हणाल्या. "मी बघते."

आणि खरंच, पुढच्या शनिवारी कामरान नव्हता. त्याच्या पुढच्याही नव्हता. सुप्रभानं अर्चनाला फोन करून तासभर सांगितलं की आपण कसा अचूक माणूस ओळखला. अर्चना म्हणाली, "बाई गं, तू आता थेट पोलिसातच लाग." सुप्रभाला ते कौतुक वाटलं.

पण त्या दुसऱ्या शनिवारी आणखीही एक गोष्ट झाली. चहा फिरला आणि तिच्यापर्यंत आलाच नाही. तिला वाटलं संपला असेल. मग थर्मासमधून वाफ निघताना दिसली. घोषणा द्यायला तिनं तोंड उघडलं तर मेहरी खानमनी भोंगा दुसऱ्याच बाईच्या हातात दिला. निघताना त्यांनी सगळ्यांच्या काठ्या, पाट्या गोळा केल्या. पुढच्या वेळी गाडीतून आणीन म्हणाल्या. नेगारचा फोटोही त्यांच्याकडेच गेला.

मग व्हॉट्सॲपचा ग्रुप मुका झाला. एरवी दिवसभर टिंग टिंग, आता एक हूं की चूं नाही. सुप्रभानं फोन बंद करून चालू केला. फोन बिघडला असेल म्हणून अर्चनाला मेसेज करायला लावला. तो आला. पुढच्या शनिवारी ती झेंडा घेऊन क्वीन स्ट्रीटवर गेली तर तिथे कुणीच नव्हतं. वाऱ्यात एकटी उभी राहिली आणि मग तिच्या लक्षात आलं की माणसांनी जागा बदललीय, आणि तिला सांगितलेलं नाही.

आता तिला सगळंच संशयास्पद दिसायला लागलं. मेहरी खानमच कुणाला फितूर असतील का? कामरानला त्यांनी घालवलं की लपवलं? एवढ्या माणसांत एकाकडेही शिराझची बातमी नसावी हे कसं? सॅटेलाइट इंटरनेटची डिश लपवून ठेवलेली माणसं तिकडे आहेत, थोडीफार खबर कुणाकुणाला येते, हे तिनं या लोकांकडूनच ऐकलं होतं. मग तिला कुणी काही सांगत का नाही? भोंगा नको, चहा नको, राजाही नको. नेगार जिवंत आहे का एवढंच कुणीतरी सांगावं. रात्रभर तिच्या डोळ्याला डोळा लागला नाही, आणि सकाळी ती सरळ मेहरी खानमच्या घरी गेली.

दारावरची साखळी तशीच ठेवून मेहरी खानमनी बोटभर फट उघडली. पुढच्या खोलीच्या खिडकीत, रस्त्यावरून येणाऱ्याजाणाऱ्याला दिसतील अशा, सगळ्या पाट्या ओळीनं लावल्या होत्या. मधोमध नेगार.

"काय काम आहे?"

"चहा नाही दिलात, ठीक आहे," सुप्रभा म्हणाली. "मी केलं काय ते तरी सांगा. मी शिपायाची मुलगी आहे म्हणून का?"

मेहरी खानमनी दार लावून घ्यायला सुरुवात केली. "म्हणजे तुम्ही स्वतःच कबूल करताय."

"त्यात कबूल काय करायचंय? मला लाज नाही वाटत त्याची."

"लाज नाही वाटत?" मेहरी खानमचा एरवीचा मऊ आवाज एकदम धारदार झाला. "माझ्या भावाला तुमच्या वडिलांच्या माणसांनी घरातून नेलं. हिंदुस्थानी म्हणवता, ते तरी खरं कशावरून? सिपाही म्हणे. खाकी कपडे जपून ठेवले म्हणे."

सुप्रभा बघतच राहिली. तिच्या वडिलांनी आयुष्यात कुणाला नेलं असेल तर पडलेल्या पोराला दवाखान्यात.

"सिपाही म्हणजे तुमच्यात कोण?" तिनं हळूच विचारलं.

मेहरी खानमनी सांगितलं. सिपाही म्हणजे सिपाहचा माणूस. क्रांतीनंतर राज्य राखायला उभी केलेली ती फौज. आज रस्त्यावर पोरींवर गोळ्या झाडते ती. कामराननं स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. ही बाई फोनवर तारीख मागत होती, हजर असलेल्यांची नावं मागत होती, खबर मागत होती, जबाब मागत होती. सगळे शब्द त्याला कळले होते. आणि मग स्वतःच्या तोंडानं म्हणाली, माझे वडील सिपाही.

सुप्रभा दारातल्या पायरीवर बसली. आधी तिला हसू आलं, मग ते कुठे थांबवायचं ते कळेना. "शाळेत," ती म्हणाली. "माझे वडील शाळेत घंटा वाजवायचे. खडू आणून द्यायचे. हेडमास्तरांना चहा आणायचे. आमच्याकडे त्याला शिपाई म्हणतात." फोनमधून तिनं संजयनं पाठवलेली पत्रिका काढून दाखवली. खाकी कपड्यातले बाबा, हातात पितळी घंटेचा हातोडा, मागे शाळेची पोरं.

मेहरी खानमनी ते चित्र डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं. मग साखळी काढली. आत नेलं, खुर्ची दिली, आणि स्वतःच्या हातानं चहाचा कप पुढे केला.

"तुम्ही त्याचं सांगितलंत, त्यानं तुमचं," त्या म्हणाल्या. "मला कुणाचं खरं मानावं ते कळेना. मी दोघांनाही बंद केलं. तो बिचारा इल्फर्डला निघून गेला भावाकडे." त्या जरा थांबल्या. "आता वाटतं, त्याचं तरी काय चुकलं होतं? कुणाची तरी आई शोधत होता."

"कुणाची आई?"

"शिराझहून कुणा मुलीचा निरोप आला होता म्हणे त्याच्याकडे. नाव सांगितलं नव्हतं, भीतीनं. कार्डिफमध्ये मॉमी आहे, तिला द्या, एवढंच. सगळ्या बायकांना विचारत फिरला, तुमची मुलगी आहे का शिराझला. तुम्ही मला फोन केला होतात, म्हणून मला वाटलं जाळं टाकतोय."

सुप्रभानं कप खाली ठेवला.

"त्यांना फोन लावा," ती म्हणाली.

बराच वेळ वाजल्यावर कामराननं उचलला. मेहरी खानमनी शाळा, घंटा, शिपाई सगळं समजावलं. मग तो म्हणाला, "ती बाई आहे ना तिथे? तिला एकच विचारायचंय. फोटोतली मुलगी तिची कोण?"

सुप्रभानं फोन हातात घेतला. हा माणूस कोण हे तिला अजूनही माहीत नव्हतं. पत्रिका तिनं दाखवली होती, त्यानं काहीच दाखवलं नव्हतं. हो म्हटलं आणि तो खरंच सिपाहचा निघाला, तर नेगारला आपणच त्यांच्या हातात दिलं. सगळं आयुष्य ज्या माणसाला ती हसली तो बहराम आता कानाशी बसून म्हणत होता, नाही म्हण.

"माझी भाची आहे," ती म्हणाली. "माझ्या नवऱ्याच्या बहिणीची मुलगी. मला मामी म्हणते. मॉमी नाही, मामी. आमच्या भाषेत मामाच्या बायकोला म्हणतात."

कामराननं सावकाश श्वास सोडलेला फोनमध्ये ऐकू आला. "मग निरोप तुमचाच आहे," तो म्हणाला. तो त्याला पाठ होता. "मी ठीक आहे. घर सोडलंय, दुसऱ्यांकडे राहते, त्यांना नाव वेगळं सांगितलंय. मामीला सांगा, माझा फोटो कुठेही लावू नका."

मेहरी खानमनी तोंडावर हात ठेवला.

"कधी आला हा?" सुप्रभानं विचारलं.

"मी तुम्हाला विचारलं ना फोटोजवळ, त्याच्या आदल्या दिवशी. निरोपात फोटोचं होतं, आणि शिराझच्या मुलीचा फोटो तिथे तुमच्याच हातात, म्हणून विचारलं. तुम्ही ओळखत नाही म्हणालात. मग मला वाटलं, ओळखत नाही तर ही बाई लपलेल्या मुलीचा फोटो मुद्दाम गावभर का दाखवते? सिपाहीची मुलगी म्हणूनच."

"आणि त्यानंतर? काही कळलं?"

"नाही. ज्याच्या हातून आला तो आता फोन उचलत नाही."

सुप्रभा उठली. खिडकीतून नेगारचा फोटो काढला आणि भिंतीकडे तोंड करून ठेवला. रस्त्यावरून एक माणूस कुत्रा घेऊन चालला होता. तो दिसेनासा होईपर्यंत ती त्याच्याकडे बघत राहिली. मग तिनं मँचेस्टरला कस्तुरीला फोन लावला. तिनं काही बोलायच्या आत पोरगीच बोलायला लागली, धापा टाकत, आनंदानं.

"आई, मी तुला कॉल करणारच होती. नेगारची फोटो आहे ना, ती मॅसिव्हली शेअर झाली, तिकडच्या पेजेसवर पण. कुणीतरी ओळखलं तिला. खाली तिची फुल नेम लिहिली आहे, शाळेचा नाव पण. इट्स वर्किंग, आई."